वाचकांचे प्रश्न : क्रोशाची जाळी मोकळी का होत नाही?

प्रश्न : लहानपणी आईने मला क्रोशा शिकवला. तिच्याजवळ विणकामाचे एक जुने इंग्रजी पुस्तक होते आणि त्यावरून आम्ही टीपॉयवरचे रुमाल, दाराची तोरणे असे पुष्कळ काही केले. माझी मुलगी नोकरीनिमित्त महाबळेश्वरला राहते. तिच्यासाठी एका अमेरिकन नमुन्यावरून मी जाळीचा स्कार्फ विणायला घेतला आहे. साखळ्या, लोकर, सुई सारे नमुन्यात सांगितल्याप्रमाणेच आहे, तरीही विणकाम पुठ्ठ्यासारखे कडक होते आणि ओळी वाढतील तशी रुंदी कमी होत जाते. विणलेला तुकडा सोबत पाठवत आहे.
— एक वाचिका, वाई

उत्तर : आपण पाठवलेला तुकडा उजेडासमोर धरून पाहिला. टाके एकसारखे आहेत आणि हात बसलेला आहे, तेव्हा कौशल्याविषयी मनात शंका आणू नये. घोटाळा शब्दाचा आहे. नमुन्यात जिथे ‘डबल क्रोशे’ म्हटले असेल तिथे आपण सर्वत्र मुका खांब, म्हणजे सुईवर धाग्याचा वेढा न घेता घातलेला बुटका टाका, घातला आहे. आईच्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच आहे, कारण ब्रिटिश पद्धतीत मुक्या खांबालाच डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकन पद्धतीत मात्र मुका खांब म्हणजे सिंगल क्रोशे, आणि डबल क्रोशे म्हणजे एक वेढा घेऊन घातलेला आपला नेहमीचा खांब, ज्याला ब्रिटिश पुस्तके ट्रेबल म्हणतात. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द कुठेही आढळला, तर तो नमुना अमेरिकन पद्धतीचा समजावा. खांबाची उंची मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट असते आणि जाळीला भोक मिळते ते या उंचीमुळेच. ती गेली की टाके एकमेकांना चिकटून बसतात.

हा तुकडा उसवून पुन्हा सुरुवात करावी, असे मी मनापासून सुचवते. मध्यम जाडीच्या लोकरीवर साधारणपणे ४ मिलिमीटरची सुई सांगितलेली असते, परंतु जाळीच्या कामाला मी ५ मिलिमीटरची घेते. ४३ साखळ्या घाला आणि त्या सैल घाला, कारण पायाची साखळी आवळली गेली की स्कार्फचे ते टोक कायमचे चुणीदार राहते. सुईपासून पाचव्या साखळीत एक खांब, एक साखळी आणि पुन्हा त्याच जागी एक खांब घातला की दोन पायांची एक जोडी तयार होते. त्यानंतर दर वेळी दोन साखळ्या सोडून तिसरीत अशीच जोडी घालत गेल्यास तेरा जोड्या बसतात. शेवटी एक साखळी सोडून अखेरच्या साखळीत एकटा खांब घालावा. पुढच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी तीन साखळ्या घालाव्यात, प्रत्येक जोडीच्या मधल्या साखळीखालच्या मोकळ्या जागेत नवी जोडी घालावी आणि ओळ कडेच्या खांबाने संपवावी.

रुंदी कमी होण्याचे कारण या कडेच्या खांबातच आहे. ओळीच्या आरंभीच्या तीन साखळ्या हाच त्या ओळीचा पहिला खांब असतो, म्हणून परत येताना शेवटचा खांब त्यांतील वरच्या, तिसऱ्या साखळीत घालावा लागतो. काम उलटवले की ही साखळी थोडी मागे वळते, गाठीसारखी दिसते आणि नजरेतून निसटते. आपल्या तुकड्याच्या दोन्ही कडांना ती तशीच सुटलेली दिसते. तीन साखळ्या घालून होताच वरच्या साखळीत रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा, आणि चार-पाच ओळींनी एकदा जोड्या मोजाव्यात.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळजणी टाळतात. सुईवरून उतरलेली जाळी कधीच पुरती उघडलेली नसते. लोकर खरी असेल तर स्कार्फ कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवावा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि गादीवर ताणून, न गंजणाऱ्या टाचण्या लावून सावलीत वाळवावा. ॲक्रिलिक मात्र नुसत्या पाण्याने आकार धरत नाही. त्यावर इस्त्रीची वाफ दोन-तीन सेंटिमीटर वरून द्यावी आणि इस्त्री टेकवू नये. टेकली तर धागा लुळा पडतो व तो पुन्हा सुधारत नाही.

प्रश्न : आमच्या घरी मेंढ्या आहेत. त्यांची लोकर घोंगड्यासाठी जाते. त्याच लोकरीच्या सुताचा असा स्कार्फ करता येईल का?
— एक वाचक, दहिवडी

उत्तर : विणता येईल, परंतु गळ्याशी वापरता येईल असे मला वाटत नाही. माणदेशातील दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि केसाळ असते. चिंचोक्याची खळ दिलेले घोंगडे थंडीपावसात जो टिकाऊपणा दाखवते, तो या राठपणाचाच गुण आहे. मऊ मेरिनो लोकरीकडून तशा टिकाऊपणाची अपेक्षा कोणी करणार नाही. गळ्याची त्वचा नाजूक असल्याने तिथे ही लोकर टोचते, आणि केसाळ सुतामुळे जाळीची भोके भरून जाऊन विणही दिसेनाशी होते. जाड सुईने साध्या मुक्या खांबांची आसने किंवा पिशव्या विणाव्यात. त्या कामात हे सूत शोभून दिसेल. ते वाया जाऊ देऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : माझी मुलगी डावखुरी आहे. तिला उजव्या हाताने विणण्याची सवय लावावी का?
— एक वाचिका, मिरज

उत्तर : मुळीच लावू नये. आपण तिच्या शेजारी न बसता समोर बसावे, म्हणजे आपला उजवा हात तिला आरशातल्यासारखा दिसेल व ती डाव्या हाताने तसेच करू शकेल. तिची ओळ डावीकडून उजवीकडे जाईल, म्हणून नमुन्यातील आकृतीही आरशात धरून पाहावी. वर दिलेली जोड्यांची जाळी दोन्ही बाजूंनी सारखीच असल्याने पहिल्या स्कार्फसाठी तीच घ्यावी.