कर्ज काढून आठ इंची दुर्बीण घ्यावी का?

प्रश्न : पुण्यात नोकरी करतो. हातात महिना ५५,००० येतात, खर्च ४०,०००, शिल्लक ८०,०००. कॅननचा डीएसएलआर आणि ५० मिमी लेन्स आहे. तेजोमेघ, दीर्घिका यांचे फोटो काढायचे आहेत. आठ इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण माउंटसह (तिला पेलून ताऱ्यांमागे फिरवणारा आधार) १.५ लाखांत मिळते आहे. १४ टक्क्यांनी दोन वर्षांचे वैयक्तिक कर्ज घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. हप्ता सुमारे ७,२०० बसेल, व्याजात २२,८०० जातील. प्रक्रिया शुल्क वेगळेच. त्यात दोन पावसाळे आले, म्हणजे आठएक हप्ते दुर्बीण खोक्यात ठेवून भरायचे. शिल्लक जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाची आहे. तिलाही हात लावू नका.

मुळात या कामात पैसा आधी माउंटवर घालायचा असतो. १००० मिमी नाभीय अंतराची ही नळीच आठ-नऊ किलोची, वर कॅमेरा आणि गाइडस्कोप (माउंट ताऱ्यांमागे नीट फिरतो का हे पाहणारी छोटी दुर्बीण). फोटोसाठी माउंटवर त्याच्या छापील क्षमतेच्या निम्मे, फार तर दोन-तृतीयांश वजन ठेवतात. त्याहून जास्त झाले की वाऱ्याच्या झुळकीनेही तारे लांबट येतात. शिवाय तुमचा सेन्सर एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) असेल तर या दुर्बिणीतून जेमतेम १.३ अंश रुंद आकाश दिसेल. देवयानी दीर्घिका ३ अंश लांब आहे, ती मावणारच नाही.

तेच ७,२०० दहा महिने आवर्ती ठेवीत टाका. ७२,००० मुद्दल जमेल, त्यातून स्टार ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवणारे छोटे यंत्र) आणि दणकट ट्रायपॉड रोखीने घ्या. स्काय-वॉचर कंपनीचा स्टार ॲडव्हेंचरर जीटीआय हा ट्रॅकर ५ किलो पेलतो. तुमचा कॅमेरा लेन्ससकट किलोभराच्या आत-बाहेर. दर जीएसटीसह लेखी मागवा. परदेशातून मागवायचे तर सीमाशुल्क धरा आणि हमी इथे चालते का ते आधी विचारा. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १८-१९ अंशांवर असतो. गच्चीच्या उत्तरेला इमारत असेल तर ध्रुवीय जुळणी (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखणे) अडते, म्हणून पैसे देण्याआधी तो दिसतो का ते पाहून घ्या.

तोवर थांबायची गरज नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. हिवाळ्यात शहराबाहेर, अमावास्येच्या आसपास, साध्या ट्रायपॉडवर ५० मिमी लेन्सने मृगाचे ४ सेकंदांचे ३०० फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. ६ सेकंदांपुढे तारे ओघळतात. दर दहा मिनिटांनी मृग पुन्हा चौकटीच्या मध्यावर आणा. सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर ते फोटो एकावर एक रचून देते. मृगातला तेजोमेघ त्यात स्पष्ट उमटतो. खर्च एका इंटरव्हलोमीटरचा (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारे उपकरण). पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते.