गर्भाशयाच्या कॅन्सरनंतर दर तीन महिन्यांनी नुसतीच तपासणी, स्कॅन का करत नाहीत?

तुमच्या आईंचं पिशवी काढायचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, आजार पहिल्या टप्प्यातला होता, आणि डॉक्टर स्कॅन न लिहिता नुसतं तपासून घरी पाठवतात म्हणून तुमचा जीव टांगणीला लागलाय. मला हाच कॅन्सर झाला होता, त्याला चार वर्षं झाली. तुमची घालमेल मला कळते, पण डॉक्टरांचं बरोबर आहे.

हा आजार उलटलाच तर बहुतेकदा पहिल्या 3 वर्षांत उलटतो, आणि बहुतेक जणींना आधी काहीतरी लक्षण दिसतं. म्हणून सुरुवातीची 2-3 वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी तपासतात, पुढे पाच वर्षं होईपर्यंत 6 ते 12 महिन्यांनी. आजार पुढच्या टप्प्यातला असेल तर ठरावीक अंतराने सीटी स्कॅन करतात. पहिल्या टप्प्यात लक्षण असेल तरच.

त्या तपासणीला ‘नुसती’ मात्र म्हणू नका. पिशवी काढल्यावर योनीचं वरचं टोक टाके घालून बंद करतात, डॉक्टर त्याला व्हॉल्ट म्हणतात. आजार परत येण्याची ही नेहमीची जागा. स्पेक्युलम (योनी उघडून धरायचं साधन) घालून ती डोळ्यांनी बघतात, मग बोटाने चाचपतात. फक्त तिथेच गाठ आली आणि आधी रेडिएशन झालेलं नसेल, तर रेडिएशनने ती बरी होण्याची शक्यता चांगली असते. आई खालून तपासायला नको म्हणत असतील तर त्यांना हे समजावून सांगा.

मला चौदाव्या महिन्यात टिश्यूवर नखाएवढा गुलाबी डाग दिसला. तपासणीची तारीख नऊ दिवसांवर होती, मी थांबले. डॉक्टर रागावल्या, आणि रागावल्या ते योग्यच. तुकडा काढून तपासला. रेडिएशनने नाजूक झालेल्या त्वचेतून रक्त आलं होतं, आजार नव्हता. पण हे घरी बसून कळणार नव्हतं.

रक्त किंवा पाणी जाणं, ओटीपोटात न थांबणारं दुखणं, एका पायाला सूज, विनाकारण वजन उतरणं, न हटणारा खोकला: यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता फोन करा.

गाठीची एमएमआर तपासणी (पेशींमधली डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का, ते बघणारी) झाली होती का, तेही विचारा. लिंच सिंड्रोम, म्हणजे गर्भाशयाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, निघाला तर आतड्याची दुर्बिणीतून तपासणी लागते, आणि मग तुमचीही चाचणी करावी लागेल.

आणि आईंना स्पष्ट शब्दांत विचारत जा, “अंगावरून काही जातंय का?” त्या आपणहून सांगतील असं धरून चालू नका. मी माझ्या मुलीला नऊ दिवस सांगितलं नव्हतं.