घाम, गरम आणि थर्मास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळा लागला की उष्णतेच्या शब्दांबद्दल पत्रे येऊ लागतात आणि गोंधळ दरवर्षी तोच असतो. म्हणून यंदा एकत्रच उत्तरे देतो.

तापमान आणि टेम्परेचर मुळात एकच ना? (नाशिकरोड)

नाही. टेम्परेचर आला लॅटिन ‘टेम्पेरारे’वरून, म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणे. तापमानातल्या ‘ताप’चे, म्हणजे आपल्या तपोवनातल्या ‘तप’चे, खरे नातलग लॅटिन ‘तेपिदुस’ (कोमट) आणि रशियन ‘त्योप्ली’ (उबदार).

मुलीने निबंधात ‘गरम’ लिहिले, बाईंनी ‘परका शब्द’ म्हणून खोडले. (इंदिरानगर)

गरम फारसीतून आला हे खरे. पण फारसी ‘गर्म’ आणि संस्कृत ‘घर्म’ एकाच मुळाचे. घर्मचा प्राकृतात ‘घम्म’ झाला, आपल्याकडे ‘घाम’. हिंदीत घाम म्हणजे अजूनही ऊन. आपण मात्र उन्हाने अंगावर येते त्याला घाम म्हणू लागलो. बाईंशी वाद घालू नका, कोश घेऊन भेटा.

तवा फारसी की संस्कृत? (भद्रकाली)

फारसी ‘ताबा’ की संस्कृत ‘तापक’, यावर मतभेद आहेत. धातू दोन्हीकडे ‘तप्’च.

ग्रीकांना ‘घ’ जमेना म्हणून त्यांनी ‘घर्म’चा ‘थर्म’ केला, सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या, असा मेसेज फिरतोय. खरे का? (पंचवटी)

खोटे आहे. मला याचे वाईट वाटते, कारण असल्या मेसेजांखाली संस्कृतचे खरे मोल झाकले जाते. जरा नीट पाहा. उष्णतेला संस्कृतात ‘घर्म’ आहे, तसा वेदात ‘हरस्’ही आहे. मूळ एकच. मग एकात घ आणि दुसऱ्यात ह का? पुढचा स्वर तर दोन्हीकडे ‘अ’च. नुसत्या संस्कृतात शोधून याचे कारण सापडत नाही. आता शेजारी बघा. ‘हरस्’चा ग्रीक जोडीदार ‘थेरोस’, म्हणजे उन्हाळा; तिथे ‘ए’ आहे. ‘घर्म’चा लॅटिन जोडीदार ‘फोर्मुस’, म्हणजे गरम. तिथे ‘ओ’ आहे. म्हणजे या सगळ्या भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेत ए आणि ओ वेगळे होते. मागोमाग ‘ए’ आला तिथे व्यंजन टाळूकडे सरकले आणि शेवटी ह झाले; ‘ओ’ होता तिथे घ टिकला. पुढे संस्कृतात दोन्ही स्वरांचा ‘अ’ झाला, पण व्यंजनावर खूण राहून गेली. हा तालव्यीकरणाचा नियम १८७०च्या दशकात अभ्यासकांच्या हाती आला. संस्कृत आई असती, तर तिच्याकडे न उरलेले ए आणि ओ ग्रीक-लॅटिनने नेमके त्याच जागी कुठून आणले असते? संस्कृत त्यांची बहीण आहे. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्यात हेच मांडले होते: या भाषांचा उगम एक, आणि तो कदाचित आता उरलेलाही नाही.

थर्मासमधला ‘थर्म’ म्हणजे बिघडलेला घर्म नव्हे. तोच मूळ ध्वनी ‘ए’आधी ग्रीकमध्ये थ होतो, लॅटिनमध्ये शब्दारंभी फ होतो, आणि हे नियमाने होते. मेसेज पुढे ढकलण्याआधी भाषाशास्त्र शिकलेल्या कोणाला तरी विचारा.

आमच्या कारखान्यातल्या ‘फर्नेस’चे या घराण्याशी नाते आहे का? (सातपूर)

आहे. लॅटिन ‘फोर्नाक्स’, म्हणजे भट्टी. घर्मचाच चुलतभाऊ. इंग्रजी ‘वॉर्म’ही अनेकजण याच यादीत टाकतात, पण त्यावर एकमत नाही, तो सध्या बाजूलाच ठेवा.

बेकरीसाठी एका नामसल्लागाराने पैसे घेऊन ओळ दिली: ‘ऊन, ज्यातून जगाला ओव्हन मिळाला’. खोके उद्या छपाईला जातात. ठीक आहे ना? (गंगापूर रोड)

छपाई आजच थांबवा. ऊन आले ‘उष्ण’वरून, त्याचे नाते लॅटिन ‘उरेरे’शी, म्हणजे जाळणे. ओव्हनचा त्याच्याशी संबंध नाही. ओव्हनचे संस्कृतातले नातलग म्हणजे ‘उखा’, शिजवण्याचे भांडे. नुसत्या आवाजावर नाती जुळवून विकणाऱ्यांचा धंदा वाढतो आहे, आणि लोक छपाईच्या आदल्या दिवशी विचारतात. टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो, तो आधी उघडा. त्यात उलगडा झाला नाही तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारा. सल्लागाराकडून त्या ओळीचा आधार लेखी मागा. देता आला नाही तर पैसे परत मागा.