वेगवेगळ्या लष्करी विमानांसाठी एकच प्रमाणित रेडिओ किंवा दिशादर्शक यंत्र घेऊन पैसे का वाचवत नाहीत?

घेतात की! अमेरिकी हवाई दलाने १९८०च्या दशकात 'एसएनयू ८४-१' हे स्पेसिफिकेशन काढून जडत्वीय दिशादर्शक यंत्र (बाहेरच्या सिग्नलशिवाय, स्वतःच्या हालचाली मोजून विमानाची जागा सांगणारं) असंच मागवलं. यंत्राच्या पेटीचं माप, कनेक्टर, वीज, अचूकता, डेटा बसवरचे (विमानातल्या यंत्रांना जोडणाऱ्या सामायिक तारेवरचे) संदेश एवढं बांधून दिलं आणि आतली रचना कंपन्यांवर सोडली. लिटन आणि हनीवेल या दोघांनीही त्यात बसणाऱ्या पेट्या केल्या. एकाच विक्रेत्याच्या दारात उभं राहणं टळलं, खरा फायदा तो.

पण कागदावर 'काढा आणि लावा' असतं, चाचणीच्या बेंचवर नसतं. मी काही वर्षं इंटिग्रेशनमध्ये, म्हणजे यंत्रं विमानात जोडून चालवण्याच्या कामात काढली. एकदा दोन विक्रेत्यांच्या सारख्या पेट्या आळीपाळीने लावून बघत होतो. डेटा बस मिल-एसटीडी-१५५३बी या लष्करी मानकाची, म्हणजे संगणकाने विचारल्यावर पेटीने १२ मायक्रोसेकंदांच्या आत उत्तर द्यायचं. दोघीही देत होत्या. मात्र एक पेटी चालू केल्यावर काही सेकंद जास्त 'बिझी' बिट (उत्तरातली 'आत्ता कामात आहे' ही खूण) लावून बसायची आणि विमानाचा संगणक तिला नादुरुस्त ठरवून मोकळा व्हायचा. बिझी किती वेळ चालेल, हे स्पेसिफिकेशनमध्ये कुठेच नव्हतं. पेटीवाले म्हणाले, आम्ही नियमात आहोत. विमानवाले म्हणाले, सॉफ्टवेअरला हात लावला तर चाचण्या पुन्हा कराव्या लागतील, त्याचे पैसे कोण देणार? पुढे नुसती पत्रापत्री.

म्हणून पेटीच्या किमतीवरून बचत मोजू नका. वायरिंग, सॉफ्टवेअर आणि उड्डाण चाचण्या प्रत्येक विमानप्रकारासाठी वेगळ्या करायच्या असतात आणि बरेचदा पेटीपेक्षा त्याच महाग पडतात.

दुसरी अडचण माणसांची. विमानाच्या प्रकल्पप्रमुखाला स्वतःची तारीख सांभाळायची असते. प्रमाणित पेटी दुसऱ्या कार्यालयाकडून येणार आणि उशीर झाला तर विमान याचं अडकणार. मग तो 'आमच्या विमानाला हलकी हवी' म्हणून सूट मागतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? माझ्या मते पेटीच्या कार्यालयाला स्वतःचं बजेट हवं, आणि अशी सूट द्यायच्या कागदावर सही या दोघांच्याही वरच्या माणसाची.

सुटे भाग हा वेगळाच विषय. विमान तीस-चाळीस वर्षं उडतं, आतली चिप त्याच्या कितीतरी आधी बाजारातून जाते. आतली रचना मोकळी ठेवली असेल तर नवी चिप घालता येते, चाचण्या मात्र चुकत नाहीत.

आणि ज्या विमानाची चार-पाचच वर्षं उरली आहेत, त्यात मी प्रमाणित पेटी बसवणारच नाही. जुनीच दुरुस्त करत राहीन.