स्थापत्य अभियांत्रिकीच्या जोडीला भूशास्त्र घ्यावे का?

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. मायनर, म्हणजे मुख्य पदवीच्या जोडीचा दुय्यम विषय म्हणून भूशास्त्र घेण्याची इच्छा आहे, परंतु त्याने नोकरी मिळत नाही, संगणकाचाच विषय घ्यावा, असे आईवडिलांचे मत आहे. काय करावे?

उत्तर : आईवडिलांचे म्हणणे एका अर्थी बरोबर आहे. केवळ मायनरच्या बळावर भूशास्त्रज्ञाचे पद सहसा मिळत नाही. परंतु तुम्ही नोकरी मागणार आहात ती स्थापत्य अभियंत्याची, आणि तिथे जमिनीखालचे समजणाऱ्या उमेदवाराचे वेगळेपण निश्चितच उठून दिसते.

त्याचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. इटलीतील वायोंत धरण सुमारे २६२ मीटर उंच आणि बांधकाम म्हणून भक्कम होते. ९ ऑक्टोबर १९६३ रोजी जलाशयाकाठचा डोंगरउतार चिकणमातीच्या पातळ थरांवरून घसरून पाण्यात कोसळला, लाट भिंत ओलांडून खालच्या गावांवर गेली आणि सुमारे २००० माणसे मृत्युमुखी पडली. भिंत मात्र जागेवरच राहिली.

रोजच्या कामातही हे ज्ञान लागते. पाया, पूल किंवा बोगद्यासाठी छिद्र पाडून काढलेले खडकाचे नमुने खोक्यात ओळीने मांडतात आणि १० सेंटिमीटरहून लांब, अखंड तुकड्यांची बेरीज करून खडकाची प्रत टक्क्यांत काढतात. १५० सेंटिमीटरच्या टप्प्यात असे तुकडे ९० सेंटिमीटर भरले, तर प्रत ६० टक्के. हे गणित कोणालाही जमेल. पण तुकडा मुळातल्या भेगेपाशी सुटला की यंत्राच्या हिसक्याने तुटला, भेगेत चिकणमाती आहे का, आणि त्या भेगांचा कल खोदकामाच्या दिशेने आहे का, हे पाहणारी नजर खडक हाताळल्याशिवाय येत नाही.

म्हणून संरचनात्मक भूशास्त्र, अभियांत्रिकी भूशास्त्र आणि भूजलशास्त्र हे अभ्यासक्रम आधी घ्या. जीवाश्मांचा अभ्यास कितीही मोहक असला तरी तुमच्या कामासाठी तो मागे ठेवता येईल. संगणकही सोडू नका. भूशास्त्रीय नकाशे आज जीआयएसवर, म्हणजे भौगोलिक माहिती हाताळणाऱ्या संगणक प्रणालीवर तयार होतात, तेव्हा ते आणि थोडे प्रोग्रॅमिंग शिकलात तर आईवडिलांची काळजीही बरीच दूर होईल.

पुढे भूशास्त्रातच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे मनात असेल, तर प्रवेशासाठी किती श्रेयांक लागतात ते आत्ताच पाहा. मायनरमुळे पदवी लांबणार नाही ना, आणि त्यात क्षेत्रभेटी व नकाशावाचन आहे ना, हेही विभागात विचारून घ्या. नुसती व्याख्याने असतील, तर हा मायनर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.