पंधरा वर्षांनी पुन्हा शिकायचं, तेही घरून: इग्नूच्या बी.ए.आधी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की वहिनींची बारावी गुजराती माध्यमातून झाली, मग लग्न, मुलं. आता पंधरा वर्षांनी जुलैच्या प्रवेशात इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बी.ए.ला नाव घालायचं आहे, माध्यम हिंदी. मधल्या दोन महिन्यांत कुठल्या विषयाचं वाचन करून ठेवावं, हा तुमचा प्रश्न. मी म्हणेन, वाचन राहू दे, त्यांना लिहायला बसवा.

मी इथे बडोद्यातच शनिवार-रविवारी अशा विद्यार्थ्यांना थोडीफार मदत करते. आपल्याकडे घरात मराठी, शाळा गुजराती आणि टीव्ही हिंदी. त्यामुळे हिंदी पुस्तक समोर आलं की सगळं समजतं, आणि माध्यमाचा प्रश्न मिटला असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. परीक्षेत मात्र तीन तास हाताने हिंदी लिहायचं असतं. गुजरातीला डोक्यावर रेघ नाही. बारा वर्षं बिनरेघेचं लिहिलेला हात प्रत्येक अक्षरावर रेघ द्यायला थांबतो, मग वाक्याचा धागा सुटतो, मधेच ‘और’च्या जागी ‘आणि’ पडतं. उत्तर येत असूनही शेवटचे दोन प्रश्न कोरे सोडून आलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्यात.

पुस्तकांचं पार्सल येईपर्यंत थांबू नका. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या त्यांच्याच वेबसाइटवर फुकट आहेत. एक इकाई, म्हणजे धडा, उघडा. मधे मधे ‘बोध प्रश्न’ असतात आणि त्यांची उत्तरं इकाईच्या शेवटी दिलेली असतात. इकाई वाचायची, मोबाइल उपडा ठेवायचा आणि उत्तर आपल्या शब्दांत कागदावर लिहायचं. रेघ अक्षरागणिक नको, शब्द पुरा झाला की एकदम ओढायची. सुरुवातीला एका पानाला अर्धा तास लागला तरी चालेल, पण रोज एक पान हवंच. जुलै उजाडेपर्यंत पाचशे शब्दांचं उत्तर चाळीस मिनिटांत बसलं, तर निम्मी तयारी झाली असं समजा.

हे फारच जड जात असेल तर अहमदाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओपन युनिव्हर्सिटीचा विचार करा. ती १९९४ पासून आहे आणि तिथे गुजरातीतून शिकता येतं. इग्नूचं नाव मोठं म्हणून हिंदीचा हट्ट धरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. नातेवाइकांपैकी कोणीतरी नाशिकचं मुक्त विद्यापीठ सुचवेलच, पण राज्याच्या विद्यापीठांना दूरशिक्षण आपल्या राज्यापुरतंच देता येतं, तेव्हा तो विषय सोडा.

वेळेचा हिशेब मात्र घरच्यांनी करायचा आहे. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ४० क्रेडिट धरले तर १२०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण २३. दोन मुलांच्या घरात हे तास कुठून येणार? बी.ए. तीन वर्षांत होतं, पण सहा वर्षांपर्यंत मुभा असते, ती वापरायला लाजू नये. पहिल्या वर्षी झेपतील तेवढेच पेपर द्यावेत. आणि रोज संध्याकाळी स्वयंपाक व मुलांचा गृहपाठ कोण बघणार, हे तुम्ही, भाऊ आणि सासूबाई आधीच बोलून ठरवा. ‘वेळ मिळेल तसा अभ्यास कर’ म्हणणाऱ्या घरात तो वेळ कधीच मिळत नाही. घरी बसायला जागा नसेल तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहेच. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयं उभी करवली, गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. घरबसल्या शिकणं बडोद्याला काही नवीन नाही.

कागदपत्रांत एकच गोष्ट आजच बघा: नाव. प्रवेशाला आता एबीसी आयडी (क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा नंबर) आणि डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा नंबर) लागतात, आणि ते आधारशी जोडलेले असतात. बारावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं, असं लग्न झालेल्या जवळपास प्रत्येकीचं असतं. ते सोडवायला वेळ जातो, शेवटच्या आठवड्यात होत नाही.

निकालात असाइनमेंटचे, म्हणजे घरून लिहून द्यायच्या उत्तरांचे, ३० टक्के आणि परीक्षेचे ७० टक्के धरतात. बाजारात सोडवलेल्या असाइनमेंट विकत मिळतात, त्या उतरवून काढायच्या मोहात वहिनींना पडू देऊ नका. परीक्षेआधी त्यांनी लिहिलेलं दुसरं कोणी तपासणार ते एवढंच. प्रश्न बदलत राहतात, त्यामुळे नणंदेची किंवा मैत्रिणीची जुनी वहीही उपयोगाची नाही. आपल्या सत्राचेच प्रश्न उतरवून घ्यायचे. स्टडी सेंटरवर जमा करताना पावती घ्या आणि देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. ग्रेड कार्डावर मार्क चढले नाहीत, तर दाखवायला हातात तेवढंच असतं.