मुलाला स्वतःची स्टाईलच नाही म्हणतात, काय करू?

प्रश्न : माझा मुलगा आर्किटेक्ट आहे, आठ वर्षं झाली कोल्हापुरातच प्रॅक्टिस करतोय. पण याचं एक काम दुसऱ्यासारखं दिसत नाही. कागलकडं कौलारू वाड्यासारखं घर बांधलं, ताराबाई पार्कात सगळं काचेचं ऑफिस, आणि आता एका देवळाचा दगडी सभामंडप घेतलाय. घरातले म्हणतात गिऱ्हाईक सांगेल ते करतो, स्वतःचं असं काही नाही, मग नाव कसं होणार? मलाही आता काळजी वाटायला लागलीय.
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, येत्या रविवारी मुलाला घेऊन आधी टाऊन हॉलला जा आणि तिथनं कसबा बावड्याच्या रस्त्याला न्यू पॅलेसवर. दोन्ही तुम्ही शंभरदा बघितलं असणार, शाळेच्या सहलीत पण नेलं असेल, पण या वेळी एवढंच डोक्यात ठेवून बघा की दोन्ही एकाच माणसाची कामं आहेत. मेजर चार्ल्स मँट. मूळचा लष्करातला इंजिनिअर, बॉम्बे इंजिनिअर्सचा.

टाऊन हॉल १८७२ ते ७६ मधला. टोकदार कमानी, टोकदार मनोरे, म्हणजे गॉथिक, विलायतेतलं एखादं चर्च उचलून आणून बागेत ठेवावं तसं. (आतल्या संग्रहालयात इथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची मूर्ती पण आहे, रोमन लोकांकडनं आलेला समुद्राचा देव, समुद्र नसलेल्या आपल्या गावात. त्यामुळं परकं वाटण्यात ती इमारत एकटी नाही.) आणि १८७७ ला सुरू झालेला न्यू पॅलेस बघा. तोच काळा दगड, पण वर घुमट, छत्र्या, अष्टकोनी मनोरे, मधोमध घड्याळाचा टॉवर, दरबार हॉलात महिरपी कमानी आणि रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग. गुजरात-राजस्थानातल्या देवळांचं आणि राजवाड्यांचं घेतलंय, आपल्याकडचं घेतलंय, आणि घड्याळ साहेबाचं.

आता या दोन्हींच्या मधलं एक काम, जे कोल्हापुरात नाहीच. आपले दुसरे राजाराम महाराज विलायतेहून परत येताना १८७० साली इटलीत फ्लॉरेन्सला वारले, वय फक्त वीस, आणि तिथंच अर्नो नदीच्या काठी त्यांचा अंत्यविधी झाला. त्या जागी १८७४ मध्ये छत्री, म्हणजे खांबांवर घुमट असलेलं स्मारक, उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा. ती छत्री पण मँटचीच. म्हणजे बघा, कोल्हापुरात विलायती टाऊन हॉल बांधायचं काम चालू आणि त्याच वर्षांत इटलीत आपल्याकडची छत्री! तुमच्या घरातले तेव्हा असते तर म्हणाले असते, या मेजरला कुठं काय बांधायचं तेच कळत नाही.

पुढं बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा, अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत, सगळं त्याच्याच हातचं. संस्थानाला दरबार भरवायला वेगळं लागतं, गावाला सभा घ्यायला वेगळं, आणि परमुलुखात गेलेल्या पोरासारख्या राजाची आठवण ठेवायची म्हटलं की आणखी वेगळं. १८८१ ला माणूस गेला, चाळिशी ओलांडली न ओलांडली तोच. न्यू पॅलेस पुरा झाला १८८४ ला आणि लक्ष्मी विलास पुढं चिझम नावाच्या दुसऱ्या आर्किटेक्टनं पुरा केला. लोक सांगतात की शेवटी त्याच्या डोक्यानं घेतलं होतं की आपली गणितं चुकलीत, इमारती पडणार. एवढे पावसाळे झाले, दोन्ही आहेत तिथंच आहेत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर टाऊन हॉल देखणा आहे पण न्यू पॅलेस जास्त जमलाय, कारण तिथं तो नुसती नक्कल करत नाही, जोडकाम करतोय. तेव्हा मुलाच्या स्टाईली किती ते मोजत बसू नका, जोडकाम कसं आहे ते बघा. कागलच्या घराला कौलं नुसती फोटोसाठी वर चिकटवलीत का पावसाचं पाणी भिंतीपासनं लांब पडावं म्हणून पागोळ्या बाहेर काढल्यात? सभामंडपाचा दगड जवळच्या खाणीतला आहे का पातळ फरशी लावून दगडाचा आव आणलाय? हे त्यालाच विचारा, घरातल्यांना नको.

राहिलं काचेचं ऑफिस. तिथं मात्र मला जरा शंका आहे, कारण माझ्या भावानं असंच काचेचं दुकान बांधून घेतलं, पश्चिमेला तोंड, आणि आता एप्रिलात काचेवर आतनं पुठ्ठे लावून बसतो. मुलाला सांगू नका, एखाद्या दिवशी दुपारी चारला तिकडं सहज चक्कर मारा आणि पडदे ओढलेत का उघडे आहेत ते बघून या.